नवी मुंबईतील एक बेघर निवारा केंद्र : आईला खाट मिळाली, कुटुंबाला नाही

जुलैमधील एका रात्री तुर्भ्याच्या उड्डाणपुलाखाली पाणी भरले, तेव्हा तिथे राहणारा एक नाका कामगार, त्याची पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी यांना घेऊन मी शहरातील एका बेघर निवारा केंद्रात गेले. जागा स्वच्छ होती, लोखंडी खाटांवर धुतलेल्या चादरी होत्या, आणि काळजीवाहक मावशींनी नोंदवही उघडण्याआधी मुलीला कोरडे कपडे घातले. त्या मावशींविषयी माझ्या मनात केवळ आदर आहे.

आधार कार्ड नसल्यामुळे व्यवस्थापकांनी मात्र आधी नकार दिला. बऱ्याच विनवण्यांनंतर होकार मिळाला, तोही फक्त आई आणि मुलीसाठी. वडिलांनी पुरुषांच्या केंद्रात जावे असे सांगण्यात आले, परंतु तिथे जागा शिल्लक आहे का, हे कोणी फोन करूनही विचारले नाही. मुलगी वडिलांचा हात सोडेना. ती रात्र तिघांनी रेल्वे स्थानकाच्या जिन्याखाली काढली.

२०१३ साली सुरू झालेल्या आणि २०२४ मध्ये मुदत संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातील निवारा योजनेत एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची बारमाही सोय, प्रत्येकाला ५० चौरस फूट जागा आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र निवारे अपेक्षित होते. २०११ च्या जनगणनेनुसार नवी मुंबईची लोकसंख्या सुमारे ११.२ लाख होती, म्हणजे त्या हिशेबानेही अकराशेंहून अधिक जणांची सोय हवी होती. पण ही योजना होती, कायदा नव्हता. म्हणून दारातून परत पाठवलेल्या कुटुंबाला कोणत्या कलमावर बोट ठेवून जागा मागावी, हे सांगता येत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८३ मध्येच कुटुंबांच्या तातडीच्या निवाऱ्यासाठी कायदा केला. २०२३ मध्ये तिथेही ७,५०० कुटुंबांची मर्यादा घालावी लागली, तरी मागणीला कायद्याचा आधार होता. आपल्याकडे मात्र १९५९ चा भीकप्रतिबंधक अधिनियम अजून लागू आहे, ज्यानुसार भीक मागत असल्याच्या समजुतीवरून उघड्यावरच्या माणसाला वॉरंटाशिवाय अटक होऊ शकते.

एकट्या स्त्रीला मी हे केंद्र निःशंकपणे सुचवेन. सहकुटुंब जाणाऱ्यांनी मात्र आधी फोन करून कुटुंबासाठी खोली आहे का ते विचारावे, आणि व्यवस्थापनाने निदान पावसाळ्याचे चार महिने तरी दोन खाटांची एक खोली पडदा लावून कुटुंबांसाठी राखून ठेवावी.