उन्हाळी वाचन-गणित वर्ग, इचलकरंजी: मोठा २०२२ ला, धाकटी २०२५ ला, दोघांचा अनुभव

पहिलंच सांगून टाकते, हा स्कॉलरशिप किंवा नवोदयची तयारी करून घेणारा क्लास नाही. त्या आशेनं पोराला घालणार असाल तर इथं घालू नका, ते इथं होत नाही. ज्या मुलांचं वाचन अडतं, हातच्याची वजाबाकी येत नाही, वर्गात खाली मान घालून बसतात आणि आपल्याला घरी कळतच नाही, त्यांच्यासाठी हा वर्ग आहे आणि त्यांच्यासाठी तो सोन्यासारखा आहे.

आमच्या भागातल्या समाजमंदिराच्या मागच्या हॉलमध्ये भरतो. मे महिना आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत, सकाळी ८ ते १०. नगरपालिकेच्या शाळेतून रिटायर झालेल्या एक बाई आहेत आणि कॉलेजला जाणाऱ्या तीन मुली, त्यांना पोरं ताई म्हणतात. फी मोठ्याच्या वेळी ३०० होती, २०२५ ला ५००, म्हणजे सगळ्या सुट्टीची मिळून, महिन्याची नव्हे. दोन भावंडं असली तर दुसऱ्याची घेत नाहीत. बोर्ड वगैरे काही नाही, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ताई स्वतःच गल्लीत फिरून सांगतात.

आता मोठ्याचं सांगते. मार्च २०२० ला शाळा बंद झाली तेव्हा तो दुसरीत होता. तिसरी सगळी मोबाईलवर, आणि घरात मोबाईल एकच, तोसुद्धा ह्यांच्या खिशात, हे मागाच्या कारखान्यात दिवाणजी आहेत, रात्री आठ-साडेआठला घरी येणार, मग ग्रुपवर आलेला अभ्यास बघायचा तोवर पोरगं झोपलेलं. २०२१ च्या जुलैत सरकारनं मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास काढला, चांगलाच होता तो, पण आमच्याकडं तो पीडीएफ म्हणून आला आणि पीडीएफ म्हणूनच राहिला. चौथीत असताना डिसेंबरात शाळा उघडली, जानेवारीत परत बंद झाली. म्हणून ट्यूशन लावली, महिन्याला ८००, एका खोलीत चाळीसेक मुलं. तिथं काय व्हायचं तर फळ्यावर उत्तरं लिहायची आणि मुलांनी उतरवायची. वही इतकी सुरेख की मी शेजारणीला दाखवायचे. अक्षर छान, पानं पूर्ण, खाली लाल पेनानं शेरा. पोराला उतरवता येत होतं, वाचता येत नव्हतं, आणि हे दोन्ही वेगळं असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

कळलं ते एसटी स्टँडवर. २०२२ चा मार्च. माहेरी कुरुंदवाडला जायचं होतं, माझ्या हातात पिशव्या, कडेवर धाकटी, त्याला म्हटलं जा बघून ये रे कुठली गाडी लागलीय. तो गेला, पाटी बघितली, परत आला, म्हणाला कोल्हापूरची आहे. मी निवांत बाकावर बसले. गाडी वळून बाहेर पडताना मला पाटी दिसली, कुरुंदवाड. त्यानं पहिला क बघितला आणि अंदाजानं सांगितलं. चौथीतला मुलगा. गाडी चुकल्याचं काही नाही, अर्ध्या तासानं दुसरी मिळाली, पण त्या अर्ध्या तासात मी त्याला स्टँडवरच्या सगळ्या पाट्या वाचायला लावल्या आणि प्रत्येक पाटीला तो पहिलं अक्षर बघायचा नि माझ्या तोंडाकडं बघायचा. घरी जाऊन रडले मी.

वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवणं काही नाही, नुसती तपासणी. एकेका मुलाला बाजूला घेऊन ताई एक कागद पुढं ठेवते. त्यावर सुटी अक्षरं, सोपे शब्द, चार वाक्यांचा एक परिच्छेद आणि एक छोटी गोष्ट. परिच्छेद पहिलीच्या पातळीचा, गोष्ट दुसरीच्या. आधी परिच्छेद वाचायला देतात, तो जमला तर गोष्ट, नाही जमला तर मागं शब्दांवर. गणिताचंही असंच, आकडे ओळखणं, मग दोन अंकी हातच्याची वजाबाकी, मग भागाकार. ही चाचणी त्यांनी घरी बनवलेली नाही, 'प्रथम' संस्थेची असर नावाची पाहणी २००५ पासून गावोगावी होते त्यातली आहे, बाईंनीच सांगितलं. आमचा परिच्छेदावर अडला, एकेक अक्षर सुटं सुटं म्हणत राहिला. पाचपैकी चार शब्द मात्र बरोबर वाचले. बाई मला म्हणाल्या, "ताई, हा चौथी पास आहे हे आता दीड महिना विसरायचं. हा शब्दावर आहे. आपण शब्दावरून सुरू करू." मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. पण दोन वर्षांत माझ्या मुलाबद्दल खरं बोलणारं ते पहिलं माणूस होतं.

आणि इथंच हा वर्ग बाकीच्यांपेक्षा वेगळा आहे. मुलाची इयत्ता बघत नाहीत. शब्दाच्या गटात तिसरीचं पोरगंही असतं नि सहावीचंही. दर आठ-दहा दिवसांनी परत तपासतात आणि पुढं सरकलं की गट बदलतात, दीड महिन्यात आमच्याचा गट दोनदा बदलला. मोठ्या मुलांना लाज वाटू नये म्हणून त्यांना काम देतात, हजेरी घे, लहानांना कार्डं वाट, त्यामुळं सहावीचा मुलगा पहिलीच्या पोराशेजारी बसला तरी कुणी हसत नाही. हे मी खिडकीतून दोन-तीनदा उभी राहून बघितलंय.

बाई म्हणाल्या ही पद्धत आपल्या मुंबईचीच. तिथं आणि वडोदऱ्याला २००१ ते २००३ मध्ये बालसखी म्हणून वस्तीतल्याच मुली नेमल्या होत्या, तिसरी-चौथीच्या मागं पडलेल्या मुलांना रोज दोन तास वर्गाबाहेर बसवून त्या अक्षर-अंकाची उजळणी घ्यायच्या, आणि त्यानं मुलं किती पुढं जातात हे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लोंनी मोजून दाखवलं, तेच दोघं ज्यांना २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मला ते ऐकून ताईंकडं बघायची नजर बदलली. आधी वाटायचं बारावी झालेली पोरगी काय शिकवणार.

शिकवण्याची एकच गोष्ट डोळ्यानं बघितलेली सांगते. ४२ वजा १७. आमचा काय करायचा तर ७ मधून २ काढायचा, उत्तर ३५, कारण मोठ्यातून लहान काढायचं एवढंच डोक्यात बसलेलं. ताईनं पाटी बाजूला ठेवली आणि मागावर सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या आणल्या. इचलकरंजीत कांड्यांना तोटा नाही, निम्म्या घरात पडलेल्या असतात. दहा-दहा कांड्यांचे रबर लावून चार गठ्ठे आणि दोन सुट्या. म्हणाली, मला सात दे. त्यानं दोन दिल्या आणि थांबला. ताई गप्प. तोही गप्प. मला बाहेरून ओरडून सांगावंसं वाटत होतं, गठ्ठा सोड की रे! बराच वेळ गेला, शेवटी त्यानं एका गठ्ठ्याचा रबर काढला, कांड्या फरशीवर पसरल्या, आणि त्यातल्या पाच मोजून दिल्या. मग एक अख्खा गठ्ठा दिला. उरलेल्या मोजल्या, पंचवीस. ताईनं तेव्हा पाटीवर ४ च्या डोक्यावर ३ लिहून दाखवला आणि तो म्हणाला, "हां, हा तो सोडलेला गठ्ठा!" दोन वर्षं वहीत तो वरचा ३ उतरवत होता, तो काय असतो हे त्या दिवशी कळलं त्याला.

वाचनात जास्त वेळ र नं खाल्ला. सूर्य मधला वर, चक्र मधला खाली, राष्ट्र मधला वेगळाच, आणि दऱ्या मधला आणखी वेगळा. चारही र हे त्याला माहीतच नव्हतं, तो सूर्यला सुय म्हणायचा. ताईंनी चार र ची चार घरं करून भिंतीवर लावली होती, रोज घरून एकेक शब्द शोधून आणायचा आणि योग्य घरात चिकटवायचा. आमच्या घरातल्या खताच्या पोत्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत सगळं वाचून झालं त्या नादात. आकड्यांच्या नावांचाही घोळ होता, २०१९ च्या दुसरीच्या पुस्तकात पन्नास नऊ असं शिकलेला, घरी आजी म्हणते एकोणसाठ, हा लिहायचा ६९. बाईंनी दोन्ही नावं चालू ठेवली, एक खोडून दुसरं लादलं नाही, ते मला फार पटलं.

आयांनाही काम असतं. दर गुरुवारी अर्धा तास बोलवतात. सांगितलं काय तर रोज वीस मिनिटं मोठ्यानं वाचून घ्यायचं, चुकलं तर लगेच सांगायचं नाही, वाक्य पूर्ण होऊ द्यायचं, आणि हात उगारायचा नाही. मी भाकरी थापताना तो ओट्याखाली बसून वाचायचा. चूक ऐकून गप्प बसणं हे मला सगळ्यात अवघड गेलं.

दीड महिन्यानं तो गोष्ट वाचत होता. अडखळत, बोट ठेवून, पण सगळी, आणि शेवटी ससा कुठं लपला ते सांगत होता. वजाबाकी पक्की. भागाकार नाही आला, तेवढा वेळच नव्हता, तो पुढं पाचवीच्या सरांनी घेतला. २०२५ च्या जूनमध्ये आठवीत गेला. पहिला-दुसरा नंबर नाही पण पुस्तक स्वतः उघडून वाचतो, मला विचारायला येत नाही.

पुढं असरच्या २०२२ च्या पाहणीचे आकडे पेपरात आले, देशातल्या खेड्यांत पाचवीच्या १०० मुलांपैकी ४३ च मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत होती, २०१८ ला साधारण ५० होती. म्हणजे लॉकडाऊनच्या आधीसुद्धा निम्मीच. मी कात्रण कापून ठेवलंय. माझंच पोरगं ढ आहे असं समजून मी जे वर्षभर त्याला बोलत होते त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता धाकटीचं आणि तक्रारींचं. ती २०२५ ला तिसरी झाली. पहिल्याच दिवशी तिनं गोष्ट घडाघडा वाचली, वजाबाकीही केली, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात. आणि माझ्या मते वरच्या गटाला इथं फारसं काही मिळत नाही. तिची अडचण शाब्दिक उदाहरणांची आहे, वाचते पण बेरीज करायची की वजाबाकी हे कळत नाही, त्याच्यावर मोजून चार-पाच दिवस झाले असतील. बाकी वेळ लहानांना गोष्टी वाचून दाखव, चित्र काढ. ती खूश होती, मला पैसे वाया गेले असं नाही वाटलं पण तिच्यासारख्या मुलांसाठी वेगळं काहीतरी आखायला हवं, हे मी बाईंना तोंडावर बोलले आणि त्यांनी मान्य केलं.

दुसरं म्हणजे जागा. हॉलवर पत्रा आहे. २०२२ ला नऊनंतर आत बसवत नव्हतं, एकच पंखा. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला तर पत्र्यावरच्या आवाजात मुलांना ताईचं ऐकू येईना, दोन दिवस लवकर सोडलं. पिण्याचं पाणी नाही. तिसऱ्या आठवड्यात एका ताईची परीक्षा आली आणि दोन गट एकत्र बसवले, चार दिवस नुसता गोंधळ. आधी माहीत असलेली परीक्षा, बदली मुलगी ठरवता आली असती.

आणि मोठी तक्रार, जूनमध्ये सगळं थांबतं. २०२५ ला १६ तारखेला शाळा उघडली आणि वर्ग बंद. जे पोरगं नुकतं शब्दावरून परिच्छेदावर आलंय ते परत साठ मुलांच्या वर्गात जाऊन बसतं. दर शनिवारी एक तास तरी चालू ठेवा असं आम्ही आठ-दहा आयांनी मिळून सांगितलंय, बाई म्हणाल्या जागा मिळाली तर ताई तयार आहेत. मंडळाकडं समाजमंदिराच्या किल्लीसाठी अर्ज दिलाय, ज्यांची मुलं या वर्गात आहेत त्यांनी सही करून जा, कागद बाईंच्या घरी आहे.

मागं पडलेल्या मुलासाठी पाचपैकी पाच, ज्याला बरं वाचता येतं त्याच्यासाठी तीन.

घालणार असाल तर तपासणीच्या दिवशी मुलासोबत स्वतः जा, शेजारणीबरोबर पाठवू नका, कारण बाई जे सांगतात ते त्या दिवशीच सांगतात. आदल्या रात्री घोकून घेऊ नका, गट चुकतो मग. आणि पाण्याची बाटली, एक जाड पुठ्ठा द्या सोबत, खाली फरशीवर बसून लिहायचं असतं.