अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणारं ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी स्क्रॅबलचा, म्हणजे सुट्या इंग्रजी अक्षरांच्या टाइल्स पटावर लावून शब्द करायच्या खेळाचा, डाव असतो. मी, मुलगी आणि पाचपाखाडीहून येणारे भाऊजी. भाऊजी बँकेतून निवृत्त, इंग्रजी पक्कं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. ऑफिसातलं इंग्रजी सहज निभावते, पण या खेळात कायम मागे. गेल्या गणपतीच्या आधी एका रविवारी माझ्या रॅकवर (हातातल्या टाइल्स मांडायच्या पट्टीवर) के, एन, आय, एफ, ई ही पाचही अक्षरं होती. बराच वेळ बघून मी ‘फाइन’ लावलं, सात गुण. डाव संपल्यावर माझ्याकडे पडून राहिलेला के बघून भाऊजी म्हणाले, “अगं, नाइफ होत होतं ना!” बारा गुण. त्याच रात्री हे ॲप घेतलं.

नाइफ शब्द मला येत नव्हता असं थोडंच आहे? मी तो कानाने शोधत होते. नाइफ म्हणजे न, म्हणजे सुरुवात एनपासून, आणि तिथे काही जुळेना. मराठी शब्दकोडी सोडवत वाढलेल्या माणसाचं असंच होतं असं मला वाटतं. आपल्या कोड्यात एका चौकटीत अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटीसकट. ‘रामाला भाला मारा’ उलटं वाचलं तरी तेच राहतं, कारण ‘रा’ आपण फोडत नाही. इंग्रजीत सगळं सुटं. न उच्चारला जाणारा केसुद्धा टाइल म्हणून हातात येतो आणि त्याचे पाच गुण असतात. हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं, ॲप वापरता वापरता उमगलं.

ॲपमध्ये शोधायचे दोन प्रकार आहेत आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. एक, फक्त दिलेल्या अक्षरांतून होणारे शब्द. दुसरा, दिलेली अक्षरं ज्यांच्यात आहेत असे सगळे शब्द, बाकी अक्षरं कुठलीही. डाव तपासायला पहिला लागतो. शिकायला मात्र दुसराच, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते तिथेच. ‘सुरुवात’ या रकान्यात के-एन टाकलं की नी, नॉक, नॉट, नाइट, नाइफ, नो अशी मुक्या केची अख्खी पंगत समोर येते. ‘शेवट’मध्ये जी-एच-टी टाकून बघा. दोन आठवडे मी एवढंच करत होते.

ठाण्याहून वाशीला ट्रान्स-हार्बर लोकलने साधारण अर्धा तास लागतो. बसायला जागा मिळाली की मी पाच अक्षरं घेते, आधी वहीत स्वतः शब्द लिहिते आणि मगच ॲप उघडते. एकदा ऐरोली सोडल्यावर एस, टी, ए, एल, ई घेतली. रबाळे येईपर्यंत ‘टेल्स’ आणि ‘स्लेट’ लिहून झाले. ॲपने आणखी दाखवले : शिळं या अर्थाचा स्टेल, चोरणं या अर्थाचा स्टील, लीस्ट. कानाला यांचं एकमेकांशी काही नातं लागत नाही, पण टाइल्स त्याच पाच. ॲप ऐकतच नाही. ते प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवतं, त्यामुळे या सगळ्यांची किल्ली एकच होते : ए-ई-एल-एस-टी. शब्दयादी फोनवरच असते, म्हणून रेंज गेली तरी काम अडत नाही.

क्यूच्या मागे यू हवाच, हे आम्ही पाठ केलेलं. इथे यू वगळून शोधलं तर क्यू-आय हा दोनच अक्षरांचा शब्द निघाला, आणि चक्क आपला फकीर, एफ-ए-क्यू-आय-आर. घेराव आणि बंदही यादीत आहेत. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

आता तक्रारी. सुरुवातीला सेटिंगमध्ये उत्तर अमेरिकेत मान्य असलेल्या शब्दांची यादी लावलेली असते आणि हे ॲप कुठेच ठळक सांगत नाही. मुलीने झेड-ओ लावलं, झो म्हणजे याक आणि गाय यांच्या संकरातलं जनावर. ॲपने शब्द नाकारला, भाऊजी म्हणाले आहे, आणि मुलगी रुसून उठली. यादी बदलून कॉलिन्सची, म्हणजे त्या शब्दकोशवाल्या ब्रिटिश प्रकाशकांची, केली तेव्हा तोच शब्द मान्य झाला. उत्तर अमेरिकेबाहेर बहुतेक स्पर्धा कॉलिन्सवरच होतात, तेव्हा घेतल्या घेतल्या हे आधी बदला. कॉलिन्सच्या 2019च्या यादीत दोन अक्षरी शब्दच 127 आहेत. मी ते छापून फ्रिजवर लावलेत.

दुसरं म्हणजे, अर्थ दिसत नाही. हे मला खरंच खटकतं. अर्थ नसलेला शब्द माझ्या डोक्यात आठवडाभरही टिकत नाही, दरवेळी वेगळा शब्दकोश उघडावा लागतो. कोऱ्या टाइलसाठी (ती कुठलंही अक्षर म्हणून लावता येते) प्रश्नचिन्ह टाकलं की शेकडो शब्द येतात आणि ते गुणांप्रमाणे लावलेले असतात, त्यामुळे ओळखीचा शब्द कुठेतरी तळाशी सापडतो. फुकटच्या आवृत्तीत जाहिराती इतक्या होत्या की महिन्याभरात वर्षाची वर्गणी भरली.

डाव चालू असताना फोन आत ठेवायचा, हा आता आमच्या घरचा नियम. मागच्या महिन्यात माझ्याकडे आर, ई, टी, आय, एन, ए आणि एक कोरी टाइल होती. आईच्या डोळ्यांच्या तपासणीच्या कागदांवर वाचलेला ‘रेटिना’ दिसला. एस हातात नव्हता. 100 टाइल्समध्ये एस चारच असतात, अनेकवचन फार सोपं होऊ नये म्हणून खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी ते मुद्दाम कमी ठेवले. कोरी टाइल एस म्हणून लावली आणि सातही टाइल्स एका खेळीत उतरल्या, वर 50 गुणांचा बोनस. भाऊजींनी अक्षरावर अक्षर बोट ठेवून शब्द वाचला आणि म्हणाले, “बरोबर आहे, लिही.” रात्री त्याच सात अक्षरांत ‘रिटेन्स’ आणि ‘नॅस्टिअर’ही होते असं ॲपने दाखवलं. त्यातला एकही मला सुचला नव्हता, ते वहीत लिहून ठेवलेत.

वर्गणी चार महिन्यांनी संपते. अर्थांची सोय करा म्हणून मी दोनदा कळवलंय. नाही केली तरी पुन्हा भरणार आहे.