चेंबरच्या आधी पाय बघणारं सेंटर: नवी मुंबईतल्या वूंड केअर आणि हायपरबेरिक सेंटरचा रिव्ह्यू, फॅमिली डॉक्टरांसाठी

मी कोपरखैरण्यात गेली १७ वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय आणि हे माझ्यासारख्याच फॅमिली डॉक्टरांसाठी लिहितेय, कारण शुगरच्या पेशंटची पायाची जखम सगळ्यात आधी आपल्याच टेबलावर येते, आपण बेटाडीन लावतो, गोळ्या देतो, पाच दिवसांनी बोलावतो आणि त्या पाच दिवसांचे पाच आठवडे कधी होतात ते कळतच नाही. यावेळी पेशंट माझे सख्खे मामा होते. वय ६६, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला सगळी उमर माथाडी म्हणून गोण्या उचलल्या, शुगर २० वर्षांची. मामींचा फोन आला की चपलेला रक्त लागलंय आणि खोलीत वास येतोय, पण हे म्हणतात काही दुखत नाही. दुखणार कसं, तळव्याची जाणीवच गेलेली. चप्पल उलटी करून बघितली तर सोलमधून एक बारीक खिळा वर आलेला, मामा त्याच्यावर किती दिवस चालत होते त्यांनाच माहीत नाही.

एका सर्जननी बघून सरळ गुडघ्याखालून काढू म्हटलं. मग मी ठाण्यातल्या एका ठिकाणी हायपरबेरिकसाठी, म्हणजे बंद चेंबरमध्ये जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन द्यायच्या ट्रीटमेंटसाठी, फोन केला, तिथे पाय न बघता, रिपोर्ट न मागता ४० सेशनचं पॅकेज सांगितलं, आजच ऍडव्हान्स भरला तर डिस्काउंट. मला फार राग आला, कारण समोर घाबरलेला माणूस आहे, पाय जायच्या भीतीने तो घरातलं सोनं मोडून पण पैसे भरेल. शेवटी एका मैत्रिणीने हे सेंटर सुचवलं.

इथे पहिली व्हिजिट सव्वा तास चालली आणि त्यात चेंबरचं नाव पण कोणी काढलं नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. डॉक्टरांनी दोन्ही पाय उघडे करायला लावले, फक्त दुखरा नाही. नाडी बघितली, १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तळव्याची जाणीव तपासायचा नायलॉनचा बारीक दोरा, टेकवला (मामांना १० पैकी एकाच जागी कळलं), मग जखमेवरचा घट्टा ब्लेडने तासून काढला. वरून रुपयाएवढी दिसणारी जखम आतून डबल निघाली. त्यात स्टीलची प्रोब (बोथट सळई) अलगद घातली आणि ती टक्कन कशाला तरी लागली, तो आवाज मी बाजूला उभी राहून ऐकला. हाड. वॅगनर ग्रेड ३, म्हणजे जखम खोल आणि इन्फेक्शन हाडापर्यंत. एक्स-रे मी आधीच काढलेला, त्यात काही दिसत नव्हतं, एमआरआयमध्ये दिसलं. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत हाडाचं इन्फेक्शन साध्या एक्स-रेवर बऱ्याचदा दिसतच नाही, हे आपण शिकलेलो असतो पण ओपीडीच्या गर्दीत विसरतो.

दुसरी गोष्ट एबीआयची, म्हणजे घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी. तो १.४ आला, मला वाटलं चला, रक्तपुरवठा तरी चांगला आहे. पण जुन्या शुगरवाल्यांच्या धमन्यांत कॅल्शियम बसून त्या पाइपासारख्या कडक होतात, कफने दबतच नाहीत, म्हणून आकडा खोटा मोठा येतो. त्यांनी लगेच पायाच्या अंगठ्याचं प्रेशर घेतलं आणि कातडीवर सेन्सर चिकटवून टीसीपीओटू, म्हणजे कातडीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन, मोजला, तो पाऱ्याचे २८ मिलिमीटर. साधारण ४० च्या वर असेल तर जखम भरायची आशा चांगली, ३० च्या खाली अवघड. मग धमन्या बघायला डॉप्लर, अँजिओ, पोटरीतल्या दोन धमन्या बंद. डॉक्टर मामांना समजावत होते की आधी रस्ता उघडायला लागेल, तर मामा म्हणाले, "व्हय, गेटच बंद आसल तर गाडी भरून काय करायची." मार्केटच्या माणसाला एका वाक्यात कळलं.

अँजिओप्लास्टी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये झाली. मग इथे एक बोट काढलं, मेलेलं मांस साफ केलं, हाडाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू कुठले ते बघायला, पाठवला आणि कल्चरप्रमाणे अँटिबायोटिक दिलं, वरून स्वॅब फिरवून नाही. काही दिवस व्हॅक, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारं मशीन, लावला, उणे १२५ प्रेशरवर, ते छोटं मशीन मामा खांद्याला लटकवून फिरायचे. आणि बूट! मला वाटतं या सगळ्यात बुटाचंच काम सगळ्यात मोठं होतं. गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट, इन्फेक्शन होतं तोवर काढता येणारा, इन्फेक्शन उतरल्यावर त्यालाच बाहेरून पट्टी गुंडाळून न काढता येणारा करून टाकला, कारण काढता येतो म्हटलं की माणूस घरात काढतोच आणि संडासला जाताना त्याच पायावर भार देतो. तळव्याच्या जखमेला भार काढणं हीच पहिली ट्रीटमेंट, मलम नंतर. ड्रेसिंगमध्ये पण नवीन बरंच आलंय, सुक्रोज ऑक्टासल्फेटवालं ड्रेसिंग त्यांनी वापरलं, २०१८ च्या एक्सप्लोरर ट्रायलमध्ये २० आठवड्यांत ४८ टक्के जखमा भरल्या होत्या, साध्या ड्रेसिंगला ३० टक्के. पण तो अभ्यास इन्फेक्शन नसलेल्या जखमांवरचा आहे, म्हणून इन्फेक्शन पूर्ण जाईपर्यंत त्यांनी ते उघडलं नाही.

दर आठवड्याला मोजपट्टी ठेवून फोटो आणि माप. चार आठवड्यांत जखम निम्म्याने तरी लहान झाली पाहिजे, नाहीतर प्लॅन बदलायचा, हा त्यांचा नियम. मामांची पाव भागच कमी झाली होती. तेव्हा कुठे चेंबरचा विषय निघाला, आणि तोही पुराव्यासकट. डॉक्टरांनी मला सरळ सांगितलं की ट्रायल एकमेकांशी जुळत नाहीत. २०१० च्या स्वीडनच्या अभ्यासात ९४ पेशंट होते, वर्षभरात ५२ टक्के जखमा भरल्या विरुद्ध २९ टक्के, पण २०१६ च्या कॅनडाच्या अभ्यासात फरक आलाच नाही आणि २०१८ च्या नेदरलँड्सच्या डॅमोक्लीस ट्रायलमध्येही ठोस फायदा सिद्ध झाला नाही. आंतरराष्ट्रीय डायबेटिक फूट गाइडलाइनही एवढंच म्हणते की रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमा नेहमीच्या उपचाराने हटत नसतील आणि सोय असेल तर विचार करा. मग त्यांनी मामांना ऑक्सिजन देऊन टीसीपीओटू परत मोजला, चांगला वाढला, म्हणून ३० सेशन ठरले, आणि १५ नंतर सुधारणा नसेल तर थांबायचं हे पहिल्याच दिवशी लिहून दिलं.

चेंबर म्हणजे पांढरा लोखंडी डबा, आत सहा खुर्च्या, नर्स आतच बसते. डब्यात प्रेशर हवेचं, ऑक्सिजन प्रत्येकाच्या डोक्यावरच्या प्लास्टिकच्या हूडमधून. २.४ एटीए (म्हणजे बाहेरच्या हवेच्या २.४ पट दाब), ९० मिनिटं, मधे दोनदा हूड काढून साधी हवा, म्हणजे ऑक्सिजनचा त्रास होऊन झटका यायची शक्यता कमी होते. टेक्निशियनने मामांना सोड्याच्या बाटलीचं उदाहरण दिलं, दाबाखाली गॅस पाण्यात विरघळतो तसा ऑक्सिजन रक्ताच्या पाण्यात. साध्या हवेत १०० मिली रक्तात जेमतेम ०.३ मिली विरघळलेला असतो, तीन एटीएला शुद्ध ऑक्सिजनवर ६ मिलीच्या आसपास जातो. १९६० मध्ये ॲमस्टरडॅमला सर्जन बोएरेमा यांनी जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून घेतलेली डुकराची पिल्लं अशाच चेंबरमध्ये जिवंत ठेवून दाखवली होती.

पहिल्या दिवशी मामा नेहमीसारखं खोबरेल तेल चोपडून गेले, तर त्यांना परत डोकं धुवायला लावलं. थोडं कडक वाटलं, पण ऑक्सिजन जास्त असला की एक ठिणगी पुरते, म्हणून मोबाइल, लायटर, डिओ, नायलॉन काहीच आत नाही, फक्त त्यांचे सुती कपडे, आणि रोज खिसे तपासतात, ३० व्या दिवशी पण तपासले. प्रेशर चढताना कान दडतात, खंबाटकी घाट उतरताना दडतात तसेच, मामा आवंढा गिळून मोकळे करायचे. तिसऱ्या दिवशी सर्दी होती तर सेशन रद्द केला आणि पैसे लावले नाहीत. शुगर आत जायच्या आधी आणि बाहेर आल्यावर, रोज. एकदा ९६ आली तर दूध-बिस्किट देऊन थांबवून परत मोजली, मगच आत घेतलं, कारण चेंबरमध्ये शुगर आणखी उतरते. विसाव्या सेशनच्या आसपास मामा खुशीत सांगायला लागले की पेपर चष्म्याशिवाय वाचता येतोय! हे ऑक्सिजनमुळे नंबर तात्पुरता मायनसकडे सरकल्याने होतं, नवीन चष्मा करू नका हे त्यांनी आधीच बजावलं होतं, नंतर काही आठवड्यांत नंबर जागेवर आला.

१५ व्या सेशनला जखमेत लाल दाणेदार मांस दिसायला लागलं, आणि साडेचार महिन्यांनी जखम पूर्ण बंद. चेंबरने झालं का? मला नाही सांगता येणार. धमनी उघडली, हाड साफ झालं, भार काढला, चेंबर दिला, सगळं मिळून झालं, आणि इथले डॉक्टर पण सगळं श्रेय डब्याला देत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

खटकलेल्या गोष्टी पण सांगते. संमतीपत्र इंग्रजी आणि हिंदीतच आहे, मामींना सही करायच्या आधी सगळं मी वाचून मराठीत सांगितलं, नवी मुंबईत हे बरोबर नाही, मी लेखी कळवलंय. लिफ्ट एवढी लहान की व्हीलचेअर तिरकी घालावी लागते. एका सेशनचे काही हजार होतात आणि कॅशलेस नव्हतं, आम्ही भाऊ-बहिणींनी वाटून घेतलं म्हणून जमलं, गोण्या वाहून जगलेल्या दुसऱ्या माणसाला कसं जमणार हा विचार मला अजून सोडत नाही. आणि डिस्चार्ज पेपरवर टीसीपीओटूचे आकडे नव्हते, मागून घ्यावे लागले.

रेफर करताना एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), छातीचा एक्स-रे आणि जखमेचा मोजपट्टी ठेवून काढलेला फोटो सोबत द्या. छातीत हवा साठलेली असेल आणि नळी घातलेली नसेल तर चेंबर अजिबात नाही, पूर्वी ब्लिओमायसिन (कॅन्सरचं औषध) घेतलेलं असेल किंवा सीओपीडी (जुना दम्यासारखा फुफ्फुसाचा आजार) असेल तर ते आधीच ठळक लिहा. पेशंटला दोन्ही चपला पिशवीत घालून न्यायला सांगा, ते चपलेत हात घालून बघतात. सकाळची बॅच असेल तर नाश्ता करून पाठवा, आणि त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका हे घरच्या बाईमाणसाला पण सांगून ठेवा.