अधू पायाचे पिल्लू घ्यावे की नाही: ठाण्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्लासेवेविषयी

जन्मतःच पाय वाकडा असलेले मांजराचे पिल्लू घरी आणावे की नाही, असे विचारल्यावर ‘घ्या, जगेल’ किंवा ‘कशाला डोक्याला ताप’ यांपैकी एक उत्तर बहुधा तत्काळ मिळते. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली जन्मलेल्या पिल्लाबाबत आम्हाला दोन्ही उत्तरे मिळाली होती. ठाण्यातील ज्या लहानशा दवाखान्यात आम्ही अखेर गेलो, तेथील डॉक्टरांनी दोन्ही टाळली आणि निर्णय आम्हीच घ्यावा, पण माहितीनिशी घ्यावा, अशी व्यवस्था केली. या सेवेचे मोल मला त्यातच वाटते.

तपासणीची सुरुवात टेबलावर न होता फरशीवर झाली. पिल्लाला मोकळे सोडून डॉक्टर काही वेळ नुसते पाहत राहिले, कारण गर्भात असताना आईला पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणुजन्य आजाराचा संसर्ग झाला असेल, तर पिल्लाच्या लहान मेंदूची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मेंदूच्या मागच्या भागाची, वाढ खुंटते आणि त्याची डुगडुगती चाल पाहून दोष पायात आहे असा समज होऊ शकतो. आमच्या पिल्लाची मान व नजर स्थिर होती. अडचण केवळ पुढच्या डाव्या पायात होती. मग त्यांनी मनगट हलक्या हाताने सरळ करून पाहिले. केवळ स्नायुबंध आखडलेले असतील तर सांधा थोडाफार सरळ होतो आणि कोवळ्या वयात पट्टी व व्यायामाने बराच फरक पडू शकतो. येथे मात्र पंजा आतल्या बाजूसच वळलेला राहिला. एक्स-रेमध्ये कोपर ते मनगट या भागातील दोन हाडांपैकी रेडियस हे हाड नसल्याचे दिसले. नसलेले हाड पट्टीने उगवत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि महिनोन्महिने पट्ट्या बांधून घेण्याचा खर्च त्यामुळे वाचला.

मागच्या पायांची बोटे चिमटून संवेदना पाहणे, पोट दाबून मूत्राशय रिकामे होते का ते तपासणे, वाकड्या पंजाच्या टेकणाऱ्या भागावर घट्टा किंवा जखम आहे का ते पाहणे, हे सारे त्यांनी प्रत्येक वेळी कारण सांगत केले. लघवी-शौचावर ताबा नसता, तर रोजची सेवा कितीतरी पटींनी वाढली असती.

यानंतर प्रश्न आमच्या घराचे निघाले. उंचावरून उतरताना मांजराचा भार आधी पुढच्या पायांवर येतो, म्हणून खिडक्यांना जाळी आहे का. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरण्याची तयारी आहे का. शौचाच्या ट्रेचा काठ उंच असेल तर त्याऐवजी परात चालेल का. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वाकड्या पंजाची नखे झिजत नसल्याने ती पंजाच्या मऊ गादीत रुतण्यापूर्वी नियमित कोण कापणार. या शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात बराच वेळ शांतता होती. वजन वाढू देऊ नये, नसबंदी वेळेवर करावी आणि वेदना होते असे वाटले तरी माणसांची पॅरासिटामॉल कधीही देऊ नये, कारण ती मांजरासाठी जीवघेणी ठरते, हेही त्यांनी बजावले. शस्त्रक्रियेविषयी वाढ पूर्ण होईपर्यंत घाई नको, असे त्यांचे मत पडले.

उणिवा आहेत. मांजरांसाठी वेगळी बसण्याची जागा नसल्यामुळे भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या शेजारी ताटकळावे लागते, आणि घाबरलेले पिल्लू आत गेल्यावर टेबलाखाली दडून बसते. एक्स-रे बाहेरून काढून आणावा लागतो. पुढील लसी, नसबंदी आणि फेरतपासणी यांच्या खर्चाचा अंदाज तोंडी मिळाला, तोही मी विचारल्यावर. जेथे निर्णयच खर्चावर अवलंबून असू शकतो, तेथे तो लेखी द्यायला हवा. तपासणी शुल्क मात्र नेहमीच्या रुग्णाइतकेच घेतले, ही बाब एवढा वेळ दिल्यानंतर मला उल्लेखनीय वाटते.

दुसरे मत हवे असेल तर १८८६ मध्ये स्थापन झालेले परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, असे डॉक्टरांनी आपणहून सुचवले. आम्हाला ती गरज वाटली नाही. पिल्लू आता आमच्याकडे आहे. आमच्यापुढे बसलेल्या एका आजींनी मात्र अशाच चर्चेनंतर ‘मला आता वाकून नखे कापवत नाहीत’ असे सांगून नकार दिला, आणि डॉक्टरांनी त्यांना एका शब्दाने अवघडवले नाही. केवळ धीर हवा असणाऱ्यांची येथे निराशा होईल. ज्यांना जायचे असेल त्यांनी पिल्लू चालतानाची चित्रफीत घरीच काढून न्यावी, कारण अनोळखी जागेत ते एक पाऊलही टाकेल याची खात्री नसते, आणि झाकणाची टोपली वापरावी.