लेगसी स्टँडर्ड बायबल: देवाचं नाव घेऊन प्रार्थना करणाऱ्यांना कितपत उपयोगी?

लेगसी स्टँडर्ड बायबल हे इंग्रजी भाषांतर 2021 मध्ये पूर्ण स्वरूपात आलं. पाया 1995 च्या न्यू अमेरिकन स्टँडर्ड बायबलचा. पण बहुतेक वाचक ही प्रत घेतात ते एका बदलासाठी. हिब्रू मजकुरात योद, हे, वाव, हे या चार अक्षरांचं देवाचं नाव जिथे येतं, तिथे 'लॉर्ड' न छापता 'याहवे' छापलं आहे. जुन्या करारात हे नाव 6,800 हून अधिक वेळा येतं, त्यामुळे पानोपानी फरक जाणवतो. एकट्याने करायच्या प्रार्थनेसाठी ही प्रत उत्तम आहे. मंडळीसमोर मात्र ती पूर्वतयारीशिवाय उघडू नये.

आधी एकट्याच्या प्रार्थनेबद्दल, कारण खरा लाभ तिथेच आहे. नाव हाती आलं की ते प्रत्येक वाक्यात घालायची सवय लागते आणि दोन मिनिटांत त्याचा उच्चार यांत्रिक होतो. त्यावरचा उपाय याच प्रतीत सापडतो. स्तोत्र 6 उघडा. 10 वचनांत नाव 8 वेळा आहे. पहिल्या 4 वचनांत ते 5 वेळा येतं, पाचही वेळा हाक म्हणून, आणि प्रत्येक हाकेला एक मागणं किंवा प्रश्न जोडलेला: रागाने शासन करू नकोस, कृपा कर, बरं कर, कुठवर, परत ये. मग 5 ते 7 या वचनांत, रडण्याचं वर्णन चालू असताना, नाव एकदाही नाही. 8 आणि 9 मध्ये ते 3 वेळा परत येतं, पण आता हाक नाही, साक्ष आहे: याहवेने ऐकलं. आपली प्रार्थना याच घडणीवर बसवावी. मागण्यासाठी नाव घ्यावं, दुःख सांगताना ते थांबवावं, आणि ऐकलं गेल्याची खात्री बोलताना पुन्हा घ्यावं. 'लॉर्ड' छापलेल्या प्रतीत ही घडण असतेच, पण ती डोळ्यांत भरत नाही.

दुसरा फायदा अभ्यासाचा. स्तोत्र 14 आणि 53 जवळपास सारखीच आहेत. चौदाव्यात नाव 4 वेळा येतं, त्रेपन्नाव्यात ते एकदाही नाही, 'देव' आहे. स्तोत्र 42 ते 83 या भागात नाव एकूणच विरळ आहे. नाव कुठे आहे आणि कुठे नाही हे इथे एका नजरेत कळतं, आणि जिथे नाही तिथे ते आपल्या पदरचं घुसवायची गरज नाही. एस्तेर आणि उपदेशक या पुस्तकांत ते मुळीच नाही.

आता सामूहिक वाचन. इंग्रजी वाचणारे अडखळतात ते उच्चारावर. 'यह्-वे' असे दोनच अवयव (उच्चाराचे तुकडे) म्हणावेत. शेवटचं 'हे' अक्षर ऐकू येत नाही. वाचकाकडून स्तोत्र 29 आधी मोठ्याने वाचून घ्यावं. 11 वचनांत नाव 18 वेळा आणि 'याहवेची वाणी' 7 वेळा येते, त्यामुळे जीभ कुठे घसरते ते तिथेच समजतं. हा उच्चार विद्वानांनी क्लेमेंट आणि थिओडोरेट या प्राचीन ख्रिस्ती लेखकांच्या ग्रीक नोंदी व 'याह' या लघुरूपावरून जुळवलेला आहे, हेही मंडळीला सांगावं. 'यहोवा' हे रूप त्याच चार अक्षरांना 'अदोनाय' (प्रभू) या हिब्रू शब्दाचे स्वर जोडून तयार झालं. म्हणून त्या रूपाने प्रार्थना करत आलेल्या माणसाला मध्येच अडवून दुरुस्त करू नये.

गायनात सर्वात जास्त बिघडतं. 'लॉर्ड' एका अवयवाचं, 'याहवे' दोन अवयवांचं. तयार गीतात शब्द नुसता बदलला की एक स्वर कमी पडतो आणि सगळी ओळ घाईत म्हणावी लागते. अशा जागी 'याह' बसतं. ते एकाच अवयवाचं आहे आणि शास्त्रातलंच आहे. स्तोत्र 68:4 मध्ये ते नाव म्हणूनच दिलं आहे, आणि 'हालेलूया'च्या शेवटीही तेच आहे. स्तोत्र 113 सुरू होतं तिथे ही प्रत 'याहची स्तुती करा' असं स्पष्ट छापते. हा निर्णय मला फार आवडला.

एक उणीव मात्र वाचनक्रम ठरवताना नक्की टोचते. नव्या करारात नाव आणलेलं नाही, कारण ग्रीक हस्तलिखितांत 'कुरिओस', म्हणजे 'प्रभू', आहे. भाषांतर म्हणून हे योग्यच. पण योएल 2:32 आणि रोमकरांस पत्र 10:13 एकापाठोपाठ वाचले की पहिल्यात 'याहवेचं नाव' आणि दुसऱ्यात 'प्रभूचं नाव' ऐकू येतं. पौल योएलचंच वचन सांगतोय हे ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. दोन्हींच्या मध्ये एक वाक्य बोलून तो दुवा जोडावा.

ही प्रत कुठे वापरू नये? कॅथलिक उपासनेत. 29 जून 2008 च्या व्हॅटिकनच्या पत्राने मिस्सा, गीतं आणि सामूहिक प्रार्थना यांत हे नाव उच्चारू नये असं ठरवलं आहे. यहुदी श्रोते समोर असतील तरी मोठ्याने वाचू नये. ते प्रार्थनेत 'अदोनाय' आणि एरवी 'हाशेम' (ते नाव) म्हणतात, आणि ही त्यांची शतकानुशतकांची आदराची रीत आहे.

छापील उपासनापत्रिकेत उतारे घ्यायचे तर परवानगीच्या अटी आधी वाचाव्यात, कारण हा मजकूर स्वामित्वहक्काखाली आहे. वर्ल्ड इंग्लिश बायबलमध्येही 'याहवे' आहे आणि ते सार्वजनिक मालकीचं आहे. पत्रिकेसाठी तेच सोयीचं.