ट्रकवरचा सीबी अँटेना: एका हिवाळ्यानंतरचा अनुभव

सीबीचा, म्हणजे अमेरिकेतले ट्रकवाले आपापसांत बोलायला वापरतात त्या रेडिओचा, महागडा अँटेना घ्यायचा विचार असेल तर आधी आरशाच्या ब्रॅकेटपासून केबिनच्या फ्रेमपर्यंत एक जाड अर्थ वायर टाका. अँटेनाच्या खोक्यात स्टड, नायलॉनचा वॉशर, नट, अगदी स्टिकरसुद्धा येतं. ही दोन फुटांची वायर मात्र येत नाही, आणि तिच्याशिवाय बाकीचं सगळं वाया आहे.

रेडिओबद्दल फार लिहीत नाही. कोब्रा २९ आहे, ४ वॉट, ४० चॅनल, उत्तम चालतो. ट्रक माझा स्वतःचा, सेकंडहँड घेतलेला स्लीपर (केबिनमागे झोपायची जागा असलेला). दोन्ही आरशांवर चार फुटी फायबरग्लासच्या काठ्या लावल्या आणि १९ नंबरवर, म्हणजे ट्रकवाल्यांच्या नेहमीच्या चॅनलवर, बोलायला लागलो. जवळच्या ट्रकशी बोलणं व्हायचं, पण मैलभर पुढे गेलेल्याला माझा आवाजच पोचत नव्हता. मीटर लावला तर १, १९ आणि ४० या तिन्ही चॅनलांवर एसडब्ल्यूआर ३ च्या वर. अँटेना रेडिओशी किती जुळलाय ते हा आकडा सांगतो, १ च्या जितका जवळ तितका चांगला. एसडब्ल्यूआर ३ म्हणजे चारातला एक वॉट अँटेनातून बाहेर न जाता रेडिओकडे परत येतो. अशा स्थितीत माइकचं बटण दाबत राहिलं तर रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जायची भीती असते.

हायवेलगतच्या एका सीबी दुकानात ट्रक नेला. तिथल्या माणसाने काठ्यांकडे बघून सांगितलं, अँटेना आखूड आहे, मोठ्या कॉइलची जोडी घ्या. मग म्हणाला, रेडिओ ‘पीक’ करून देतो, म्हणजे आतली सेटिंग फिरवून त्याची ताकद वाढवून देतो. शेवटी सिग्नलची ताकद वाढवणारा लिनिअर अँप्लिफायर दाखवला. सीबीवर अँप्लिफायर लावायला एफसीसीची (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाची) बंदी आहे हे त्यालाही ठाऊक असणार. मी काहीच घेतलं नाही, तरी तपासणीचे पैसे कापून घेतले. राग पैशांचा कमी, उलट्या निदानाचा जास्त आहे. अँटेना लांब असेल तर ४० नंबरच्या चॅनलवर आकडा १ नंबरच्या चॅनलपेक्षा जास्त येतो, आखूड असेल तर १ नंबरवर जास्त येतो. तिन्ही ठिकाणी सारखाच वर असेल तर दोष लांबीचा नाही, जोडणीचा किंवा अर्थिंगचा. रोज हेच काम करणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं.

रात्री ट्रक स्टॉपवर मल्टिमीटर काढला. अँटेनाच्या केबलमधल्या तारेचा आणि बाहेरच्या जाळीचा संपर्क नव्हता, म्हणजे वॉशर बरोबर बसलाय. मग एक टोक ब्रॅकेटला आणि दुसरं केबिनच्या फ्रेमला लावलं. बीप नाही, म्हणजे दोन्ही जोडलेलेच नाहीत. आरशाच्या दांडीखाली रंग आणि प्लास्टिकची पट्टी, दरवाजा ग्रीस लावलेल्या बिजागऱ्यांवर, वर फेअरिंग (वारा कापणारं आवरण) फायबरचं. विजेला जायला वाटच नाही! सीबीची लहर साधारण ११ मीटरची. तिच्या चौथ्या भागाचा अँटेना नऊ फुटांचा होतो. आपण कॉइल गुंडाळून तो चार फुटांत बसवतो आणि उरलेलं अर्ध काम ट्रकच्या धातूवर सोपवतो. तो धातू जोडलेलाच नसेल तर कितीही भारी काठी लावा, उपयोग नाही.

तांब्याची कल्हई केलेली विणलेली पट्टी आणली. ब्रॅकेट ते दरवाजा, दरवाजा ते फ्रेम. जोडाखालचा रंग खरवडून दातेरी वॉशर घातले. खर्च वीस डॉलरच्या आत. १९ वर आकडा दीडच्या जवळ आला, मग टोकाचा स्क्रू फिरवून आणखी खाली आणला. त्याच काठ्या, तोच रेडिओ.

दोन अँटेना म्हणजे निव्वळ दिखावा, असं माझं हिवाळ्यापर्यंत ठाम मत होतं. आता ते बदललंय. आरशांमधलं अंतर आठ-नऊ फूट मिळालं तर जोडी पुढे-मागे जास्त ताकद देते, बाजूंना कमी. हायवेवर मला पुढचं आणि मागचंच ऐकायचं असतं. वायोमिंग राज्यात आय-८० हायवेवर रॉलिन्स ते लॅरामी या पट्ट्यात, एल्क माउंटनच्या आसपास, वाऱ्याने जमिनीवरचं बर्फ उडून समोरचं दिसेनासं झालं होतं. फोनला सिग्नल नाही. समोरून येणारा एक ड्रायव्हर १९ वर म्हणाला, पूर्वेकडे जाणाऱ्या लेनमध्ये ट्रेलर आडवा झालाय, वेग कमी करा. तिथे पोचायच्या आधीच मी हळू झालो, माझ्यामागचे दोघेही झाले. ही सूचना नकाशाच्या अ‍ॅपवर येईपर्यंत आम्ही तिथे पोचलो असतो. त्या दिवसापासून जोडी काढायचा विचार सोडून दिला. शिवाय चालवताना हातात फोन धरायला व्यावसायिक ड्रायव्हरना २०१२ पासून बंदी आहे, सीबीचा माइक त्या नियमातून वगळलेला आहे.

२०२१ पासून सीबीवर एफएम पद्धतीने बोलायलाही परवानगी आहे, पण रस्त्यावर मला सगळे जुन्या एएम पद्धतीवरच भेटतात. कॅलिफोर्नियात पंजाबी कानावर पडतं तेव्हा फार बरं वाटतं. मराठी अजून ऐकलेलं नाही. या मार्गावर कुणी असाल तर १९ वर आवाज द्या.

हिवाळ्याच्या शेवटी आकडा पुन्हा चढला आणि अर्थ पट्टीबद्दलचं मतही बदलावं लागलं. रस्त्यावर टाकलेलं मिठाचं पाणी विणलेल्या पट्टीत शोषलं जातं. ती हिरवी पडून आतून कुरतडली गेली होती. आता प्लास्टिकचं आवरण असलेली जाड बहुतारी वायर लावलीय, टोकांना दाबून बसवलेले (क्रिंप केलेले) धातूचे लग, त्यावर तापवून आवळणारी हीट-श्रिंक नळी आणि जोडावर ग्रीस. मिठाच्या प्रदेशात जाणार असाल तर पहिल्यापासून हीच वापरा. दर ऑइल चेंजला मल्टिमीटर लावून बीप येतो का बघायचं, दोन मिनिटांचं काम आहे.

जोडी लावणार असाल तर केबलचीही काळजी घ्या. एका अँटेनाला ५० ओहमची केबल लागते, जोडीला ७५ ओहमची आरजी-५९, आणि दोन्ही बाजू सारख्याच लांबीच्या. तयार मिळणारी १८ फुटी हार्नेस (जोडीसाठीची केबल) त्याच हिशोबाची असते, म्हणून जास्त वाटली तरी कापू नका. उरलेली केबल घट्ट गुंडाळू नका, बंकखाली (झोपायच्या बाकाखाली) फूटभर रुंदीच्या सैल घड्या घालून ठेवा, आणि दरवाजाच्या रबरातून नेताना ती चेंगरत नाही हे दरवाजा उघडबंद करून बघा.