मिलिटरी डिस्पोजलचा हँड थ्रॉटल आणि गायब झालेली स्प्रिंग

माझ्याकडे जुनी महिंद्रा एमएम ५४० आहे, प्यूजोच्या डिझेल इंजिनची. तिला हँड थ्रॉटल बसवायचं खूळ माझं स्वतःचंच, त्यात गॅरेजवाल्याचा दोष नाही. डॅशबोर्डवर एक नॉब, त्यातून निघालेली तार थेट डिझेल पंपाच्या रेसच्या लिव्हरला. नॉब ओढला की पाय न लावता रेस तेवढीच राहते. जुन्या विलीज जीपना हा नॉब कंपनीतूनच यायचा. खडकातून जाताना गाडी उडते, तसा ॲक्सिलरेटरवरचा पायही उडतो, त्याने रेस वरखाली होते आणि गाडी आणखी उडते. हाताने रेस धरली की हे थांबतं. विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढायचं बॅटरीवरचं यंत्र, चालवताना बॅटरी बसू नये म्हणूनही उपयोग होतो.

पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याचं नाव एकाने सुचवलं. तो म्हणाला, "साहेब, मिलिटरी डिस्पोजलचा ओरिजिनल पीस आहे, शेवटचाच." म्हणजे सैन्याने विकायला काढलेल्या मालातला. हिरवट रंगाचा जाडजूड नॉब दाखवला. बसवणुकीसकट साडेसहा हजार. बिल मागितलं तर म्हणे डिस्पोजलच्या मालाला कसलं बिल? आणि मला ते पटलं! खरं तर तिथेच उठायला हवं होतं. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर ॲक्सिलरेटर लोण्यासारखा हलका लागला. मी खूश. वर त्याला चहाला शंभर रुपये दिले.

पुढच्या रविवारी मुळशीकडच्या एका कच्च्या वाटेवर गेलो. चढावर नॉब झकास चालला. माथ्यावर पोचून तो आत दाबला, लो रेंजचा, म्हणजे जास्त ताकदीचा आणि अगदी हळू चालणारा, पहिला गिअर ठेवून उतरायला लागलो, तर रेस खाली येईना. पेडलवर पाय नाही, नॉब पूर्ण आत, आणि इंजिन गुरगुरत गाडी उताराला ढकलतंय. अशा वेळी पाय आपसूक क्लचवर जातो. तो दाबला असता तर इंजिनची पकड सुटून गाडी मोकळी धावली असती. सुदैवाने या जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन बंद करायचा वेगळा नॉब असतो. तो ओढला, डिझेल तुटलं, इंजिन बंद पडलं आणि गिअरमध्ये असल्यामुळे गाडी जागच्या जागी थांबली. शेजारी बायको होती. ती काहीच बोलली नाही, हे जास्त लागलं.

पौडजवळ एका ट्रॅक्टरच्या गॅरेजात बॉनेट उघडलं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी नॉबवर नख ओढलं, तर हिरव्याखालून काळा रंग. "हा तर ट्रॅक्टरचा हात-ॲक्सिलरेटर. समोरच्या दुकानात तीनशेच्या आत मिळेल." आतली तार स्कूटरच्या क्लचची निघाली. तिचं बाहेरचं प्लॅस्टिक एक्झॉस्ट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाच्या धुराच्या तापलेल्या नळ्यांना, टेकून वितळलं होतं आणि त्यातच तार चिकटली होती. लिव्हरला ती बाइंडिंग वायरने बांधलेली. हे सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "रेसची परतीची स्प्रिंग कुठंय?"

स्प्रिंग नव्हती. पंपाच्या लिव्हरची स्वतःची थोडी ओढ असते, पण अडकलेल्या तारेला मागे खेचायला ती पुरत नाही. त्या स्प्रिंगपुढे ती बारीक तार ताणली जात नव्हती, म्हणून पुण्याच्या गॅरेजवाल्याने स्प्रिंगच काढून टाकली. पेडल लोण्यासारखं का लागत होतं ते तेव्हा कळलं.

मिस्त्रींनी तार मॅनिफोल्डपासून लांबून फिरवली, दोन ठिकाणी क्लॅम्प मारले, एकाऐवजी दोन स्प्रिंगा लावल्या. मग न्यूट्रलमध्ये इंजिन चालू करून नॉब अर्धा ओढायला लावला आणि दाबायला लावला. रेस झटक्यात स्लोवर आली पाहिजे. हेच त्यांनी इंजिन चांगलं तापल्यावर पुन्हा करून घेतलं, कारण थंड इंजिनावर माझी तारही नीटच चालली होती. पैसे देण्याआधी एवढं तुम्हीही करून घ्या. आणि गाडी कॉमन रेल इंजिनची, म्हणजे कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या नव्या इंजिनची, असेल तर कुणी तारेचा नॉब विकायला आला की सरळ नाही म्हणा. तिथे पेडलला सेन्सर असतो, इंजिनापर्यंत तार जातच नाही. माझ्या एका मित्राच्या नव्या थारला त्याच पुण्याच्या गॅरेजवाल्याने तार चक्क पेडलच्या दांड्याला हूक लावून अडकवून दिली होती.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं. पैसेही मी रोख दिलेले.

शेवटी पुण्यातल्या त्या गॅरेजवर गेलो. पैसे मिळणार नाहीत हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं, म्हणून म्हटलं, निदान माझी स्प्रिंग तरी दे. त्याने टेबलाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून माझ्यासमोर सरकवला. आत तीस-चाळीस स्प्रिंगा होत्या.

"यातली तुमची कुठली, बघा," तो म्हणाला.